मॉथलाइटमधला कचरा साफ करायचा का?

रीळवेडा: मंडळी, काल अमेरिकन प्रयोगशील फिल्मकार स्टॅन ब्रॅकेजची १९६३ची फिल्म मॉथलाइट पाहिली. कॅमेराच नाही राव, पतंगाचे पंख, पाकळ्या, गवत असलं काय काय पारदर्शक चिकटपट्टीत दाबून थेट प्रिंट काढलीय. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, असली फिल्म रिस्टोअर करताना साफ काय करायचं? आणि स्कॅन करून हार्ड डिस्कवर टाकलं की झालं ना, एवढा खटाटोप कशाला?

निगेटिव्हमामा: बरोब्बर पकडलंस. धूळ काढणारं सॉफ्टवेअर काय करतं, एका फ्रेममध्ये आहे आणि मागच्यापुढच्या फ्रेममध्ये नाही असं काही दिसलं की डाग समजून पुसतं, म्हणजे मॉथलाइट त्यात घातलीस तर पंखांसकट फिल्म सफाचट 😄 ते बंदच ठेवायचं आणि जुन्या चांगल्या प्रिंटशी ताडून बघत हाताने काम करायचं. त्याच पठडीतल्या जॅक स्मिथने तर मुदत संपलेल्या फिल्मवर शूट केलं, तो विटका पांढुरकेपणा 'सुधारला' तर उरलं काय?

आंबटवास: हार्ड डिस्कचं बोलू. या प्रयोगशील फिल्मवाल्यांतले बरेच जण १६ एमएम रिव्हर्सलवर शूट करायचे, म्हणजे निगेटिव्ह नाहीच, कॅमेऱ्यातून निघालेली पट्टी हीच एकमेव मूळ प्रत. पाठीशी स्टुडिओ नाही, डबे कुणाच्या घरात नाहीतर लॅबमध्ये पडून. त्यात अॅसिटेट, म्हणजे जुन्या फिल्मचं प्लास्टिक, आंबतं, डबा उघडला की व्हिनेगरचा भपका, एकदा लागलं की थंडीत ठेवून फक्त वेग कमी होतो. म्हणून पॉलिएस्टरवर नवी निगेटिव्ह काढतात, ती टिकते. डिस्कचं काय, दर काही वर्षांनी कॉपी करत बसा. ब्रॅकेजचा मूळ ऐवज आता लॉस एंजेलिसला अकॅडमी फिल्म आर्काइव्हकडे आहे.

मागचीरांग: सगळं पटलं पण मग आम्ही बघायचं कुठे? न्यूयॉर्कला अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज १९७०पासून असल्या फिल्म दाखवतंय, कॅनयन सिनेमा प्रिंटा भाड्याने देतं, पण ते तिकडे. टोनी कॉनराडची द फ्लिकर म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या फ्रेमा, लॅपटॉपवर ती तशी अंगावर येत नाही हे मान्य, तरी लॅपटॉप नसता तर मला नावही कळलं नसतं. दोन्ही हवं.

रीळवेडा: मामा, पण खरी धूळ आणि ब्रॅकेजने चिकटवलेली, ओळखायची कशी??

निगेटिव्हमामा: पंख उजेड अडवतात, पडद्यावर गडद दिसतात. मूळ पट्टी आणि प्रिंट यांच्या मधल्या निगेटिव्हवर बसलेली धूळ मात्र प्रिंटमध्ये पांढरी उमटते. पांढरा ठिपका दिसला तर बहुतेक वेळा खुशाल काढ. काळा दिसला तर थांब, तो पतंगाचा पाय असू शकतो.