मराठीतून मोफत, भरवशाची आरोग्यमाहिती कुठून घ्यावी? छापून वाटायची आहे

भांडुपची सिस्टर

नमस्कार मंडळी. मी पालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. भांडुप पश्चिमेला डोंगराकडच्या वस्तीत मंडळाचं वाचनालय आहे, संध्याकाळी तिथे बसते. पेपर वाचायला येणारे हळूहळू पिशवीतून फाइल काढून "सिस्टर, जरा बघता का?" म्हणायला लागले.

हल्लीच एक विशीतला मुलगा टीबीच्या गोळ्या सोडायच्या बेतात होता, कारण लघवी केशरी झाली. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने ती होतेच, घाबरायचं काही नसतं. एवढं एक वाक्य त्याला गोळ्यांबरोबर छापून मिळालं असतं तर! सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सुटला की औषधाला न जुमानणारा टीबी होऊ शकतो. असे रुग्ण मी वॉर्डात पाहिलेत, म्हणून जीव तुटतो.

भाचा म्हणतो, मावशी, नेटवर सगळं फुकट आहे. असेल. पण चांगलं ते इंग्रजीत, आणि मराठीत जे सापडतं ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं याचा पत्ता नाही. मध्येमध्ये काढ्यांच्या जाहिराती. मला भिंतीला लावता येईल, झेरॉक्स काढून हातात देता येईल असं हवंय. कुठलं साहित्य परवानगी न मागता मराठीत आणून वाटता येतं? आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

ग्रंथपाल, परळ

सिस्टर, मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. आधी एक गोष्ट सांगतो, कारण यात पुष्कळांचा गोंधळ होतो. गरीब देशांतल्या संस्थांना वैद्यकीय नियतकालिकं फुकट किंवा नाममात्र दरात मिळावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांना सोबत घेऊन २००२ मध्ये 'हिनारी' सुरू केलं. त्यात भारत बसत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून सरकारचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर आहेत, पण ते सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. तुमचं वाचनालय किंवा गल्लीतला दवाखाना त्याच्या बाहेरच. सगळ्यांना उघडं आहे ते २००० साली सुरू झालेलं पबमेड सेंट्रल. तिथे शोधनिबंध पूर्ण वाचता येतात, अर्थात इंग्रजीत.

तुमच्या कामाचं मात्र वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची अलीकडची बहुतेक प्रकाशनं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात. पैसे न घेता वाटणार असाल तर प्रत काढणं, मराठीत आणणं, आपल्या वस्तीला साजेसं करणं, या सगळ्याला मुभा आहे. अटी पाळायच्या: मूळ प्रकाशनाचा उल्लेख करायचा, त्यांचं बोधचिन्ह वापरायचं नाही, आपलं पानही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं, आणि हे भाषांतर संघटनेने केलेलं नाही, त्यातल्या मजकुराची जबाबदारी तिची नाही, असं स्पष्ट छापायचं. पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांवर परवाना लिहिलेला असतो, तो प्रत्येक वेळी वाचा. जुन्या प्रकाशनांना हे लागू असेलच असं नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मेडलाइनप्लसही चांगलं आहे, पण तिथे जपून. आजारांविषयीचे त्यांनी स्वतः लिहिलेले सारांश कुणालाही वापरता येतात. त्याच संकेतस्थळावरचा वैद्यकीय ज्ञानकोश मात्र एका खासगी कंपनीच्या मालकीचा आहे. तो उचलून छापू नका.

आरोग्य सेविका, गोवंडी

सिस्टर, कागदाचं बरोबर आहे, पण माझ्या गल्लीत कागद डब्याखाली जातो. फोन चालतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ मराठीतही आहेत, फुकट. बाळाला छातीशी कसं धरायचं, वरचं अन्न कसं सुरू करायचं, सगळं हळूहळू दाखवलंय. मी वायफाय मिळेल तिथे उतरवून घेते आणि घरात बसून दाखवते. त्यांच्या रिचार्जला हात लावायला सांगितलं की बाया बघतच नाहीत.

गरोदर बाईची नोंद करताना तिचा नंबर बरोबर गेला तर सरकारचे 'किलकारी'चे फोन येतात, चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत. ऐकायचं असतं, वाचायचं नाही. अडचण अशी की नंबर नवऱ्याचा असतो आणि फोन येतो तेव्हा नवरा कामावर. म्हणून मी नोंद करतानाच विचारते, दिवसा घरात कुठला फोन असतो?

आणि एक पान ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीचं करा, चित्रासकट. मोठी पुडी एक लिटरसाठी असते. बाया पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकतात, उरलेली गुंडाळून ठेवतात. मी रिकामी लिटरची बाटली दाखवते: पूर्ण पुडी, पूर्ण बाटली, २४ तासांनी उरलं तर ओतून टाका. २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवरचा आकडा बघायला शिकवावं लागतं.

डॉक्टर, चेंबूर

मी तपासून द्यायला तयार आहे, पण माझं एक म्हणणं ऐका. पानावर औषधाचे डोस नकोत. धोक्याच्या खुणा लिहा, कुठे जायचं ते लिहा, आणि खाली मोठ्या अक्षरात कुणी तपासलं, कोणत्या महिन्यात, आणि पुन्हा कधी तपासणार. टीबीच्या पोषण आहाराचंच पाहा. सरकारच्या 'निक्षय' योजनेतून रुग्णाला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० झाले. जुनं पान लावून ठेवलंत तर माणूस अर्ध्याच पैशांवर समाधान मानेल.

टीबीच्या पानावर एक ओळ बायकांसाठी हवीच: रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, दुसरा उपाय विचारून घ्या. ही ओळ सहसा सुटते.

मुंबईचं असं काही परदेशी पुस्तिकेत मिळणार नाही. पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी लागते का ते ते ठरवतील. पायाला जखम असेल तर अजिबात थांबू नका. हे जूनच्या आधी भिंतीवर पाहिजे.

भांडुपची सिस्टर

तिघांचेही मनापासून आभार. मग तीनच पानं करते: टीबी, ओआरएस, तुंबलेलं पाणी. टीबीच्या पानावर 'निक्षय'चा मोफत नंबर १८००-११-६६६६ टाकते. डॉक्टर, मसुदा इथेच टाकीन, लाल खुणा करून द्या. गोवंडीच्या ताई, छापायच्या आधी तुमच्या गल्लीतल्या चार बायांना वाचून दाखवाल का? जिथे त्या अडतील तिथे मला कळवा, ते वाक्य मी पुन्हा लिहीन.

भाच्याला बाटलीचं चित्र काढायला बसवलंय.