मदत हवी आहे: भाचीला व्यसन आणि मेंदू यावर संशोधन करायचंय, इंदूरहून पुढची वाट कशी?

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी लिहितोय. इथे डॉक्टरही आहेत आणि प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेलेही आहेत, म्हणून मुद्दाम इथेच विचारतोय. होळकर कॉलेजातून बी.एस्सी. झाली, आता देवी अहिल्या विश्वविद्यालयात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. पुढे पीएचडी करायचीय आणि विषयही तिने ठरवून टाकलाय: व्यसनाने मेंदूत नेमकं काय बदलतं. ताईचं म्हणणं, एवढं शिकून दारुड्यांच्या मागे कशाला लागायचं? भाऊजी वाद घालत नाहीत, फक्त मधूनमधून बँकेच्या परीक्षेची जाहिरात तिच्या ताटाशेजारी ठेवतात.

हे खूळ डोक्यात भरलं ते नोरा वोल्को या व्यसनावर संशोधन करणाऱ्या बाईंमुळे. त्यांच्या कामातलं एक चित्र भाचीने छापून फ्रिजवर लावलं होतं. शेजारीशेजारी दोन मेंदू, एकाच्या मधोमध लालपिवळा उजेड, दुसऱ्यात तोच भाग विझत चाललेला. रामबागेतलं घर, दार दिवसभर उघडं. समोरच्या काकू विरजण न्यायला आल्या आणि हळू आवाजात ताईला विचारलं, "कोणाचा रिपोर्ट हो? फार वाढलंय का?" त्या संध्याकाळी चित्र फ्रिजवरून गेलं.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, पण पोरीने समजावलं ते असं. अशा तपासणीत (हिलाच पेट स्कॅन म्हणतात) बऱ्याचदा रॅक्लोप्राइड नावाच्या रेणूला किरणोत्सारी कार्बन-११ जोडून तो शिरेतून देतात. मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागा, असतात, त्यांना तो जाऊन चिकटतो. रिसेप्टर भरपूर असतील तर चित्र उजळतं, कमी असतील तर मंद. कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे तो तयार करणारं सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र अगदी जवळ लागतं. कोकेनच्या आहारी गेलेल्यांमध्ये हे रिसेप्टर कमी झालेले असतात आणि त्याबरोबर कपाळामागचा, 'पुरे आता' म्हणणारा भागही थंडावतो, हे वोल्कोबाईंनी दाखवलं.

बाईंची कहाणी मोठी आहे. जन्म १९५६ चा, मेक्सिको सिटीतला. त्या रशियन क्रांतीतला नेता त्रोत्स्की याच्या पणती आणि ज्या घरात १९४० साली त्रोत्स्कीवर प्राणघातक हल्ला झाला त्याच घरात वाढलेल्या. (हा भाग ताईला सांगू नकोस असं मी भाचीला बजावलंय.) डॉक्टरकी मेक्सिकोत, मग अमेरिकेत मनोविकारशास्त्र. १९८० च्या दशकात ह्यूस्टनला पेट स्कॅनवर कोकेन घेणाऱ्यांचे मेंदू पाहिले तर रक्तपुरवठा जागोजागी तुटलेला, बारीकसारीक पक्षाघात होऊन गेल्यासारखा. तेव्हा कोकेन फारसं घातक नाही असाच समज होता, त्यामुळे लोकांना ते पटेना. निबंध छापून यायला १९८८ उजाडलं. पुढे ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत काम आणि २००३ मध्ये अमली पदार्थांवरच्या अमेरिकी राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या संचालक.

पण ताई गप्प झाली ती वेगळ्याच गोष्टीने. वोल्कोबाईंना लहानपणापासून सांगितलं होतं की आईचे वडील हृदयविकाराने गेले. आईच्या शेवटच्या दिवसांत तिने खरं सांगितलं: ते दारूच्या आहारी गेले होते आणि त्यांनी आत्महत्या केली होती. तोवर लेक व्यसनाच्या संशोधनातच वर्षानुवर्षं घालवून बसलेली, तरी आईच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. भाचीने हे जेवताना वाचून दाखवलं. ताई उठून गॅस बंद करायला गेली, गॅस बंदच होता. आमच्याही घरात एक फोटो आहे ज्याच्या बातमीत 'अल्पशा आजाराने' छापून आलं होतं. एवढंच लिहितो.

तर विचारायचं असं. वोल्को स्वतः डॉक्टर. एमबीबीएस न करता, नुसत्या एम.एस्सी.वर या विषयात शिरता येतं का? आपल्या देशात हे काम कुठे चालतं, उंदरांवर की माणसांवर? पेट स्कॅनचा हट्ट धरावा का? आणि पीएचडीनंतर पोटापाण्याचं काय, हे ताईला नीट सांगता आलं पाहिजे. परदेशाचं आत्ताच सुचवू नका, घरात इंदूरबाहेरचंच अजून पचलेलं नाही.

– रामबागवाला

प्रतिसाद: उंदीरमामा

एमबीबीएस लागत नाही. १९५४ साली उंदराच्या मेंदूत विजेची तार बसवून, तोच उंदीर त्या झटक्यासाठी कळ दाबत राहतो हे मॅकगिल विद्यापीठात दाखवणारे ओल्ड्स आणि मिल्नर हे काही डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राच्या विभागातले होते. तारही भलत्याच जागी बसली होती, म्हणून तर शोध लागला. तुम्ही अफूच्या मुलखातले, म्हणून हेही सांगतो: अफूतलं द्रव्य मेंदूत कुठे चिकटतं ते रिसेप्टर १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला दाखवले कँडेस पर्टने, सॉलोमन स्नायडर यांच्या हाताखाली, आणि ती तेव्हा पीएचडीची विद्यार्थिनी होती. १९७८ चा लास्कर पुरस्कार (वैद्यकीय संशोधनातला मोठा मान) मात्र स्नायडर आणि इतर दोघांना मिळाला, तिला नाही. तिने उघड निषेध केला. पोरीला दोन्ही गोष्टी माहीत असू द्या.

परीक्षा: सीएसआयआर-यूजीसी नेट (लाइफ सायन्सेस, जेआरएफ म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीसह निघाली तर उत्तम), गेट, आणि टीआयएफआर घेते ती जीवशास्त्राची प्रवेशपरीक्षा, जेजीबिल्स. जागा: मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरचं निम्हान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची संस्था) आणि आयआयएससी. निम्हान्सची प्रवेशपरीक्षा वेगळी असते.

पेटचं वेड जरा बाजूला ठेवायला सांगा. यंत्र, सायक्लोट्रॉन, रसायनतज्ज्ञ, सगळंच महाग. एमआरआय आणि ईईजीवर (मेंदूतल्या विजेची नोंद) माणसांचं काम करता येतं, पण त्यासाठी पायथन ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र आत्तापासून हवं. उंदरांचं काम करायचं तर आधी उन्हाळी प्रकल्प करून हात तपासून घ्यावा. भूल दिलेला उंदीर चौकटीत घट्ट बसवायचा, कवटीवरची ब्रेग्मा नावाची खूण शोधायची आणि तिथून मिलिमीटरच्या अंशात मोजून भोक पाडायचं. हात थरथरला की तो दिवस गेला. प्राण्यांवरच्या नैतिक समितीची परवानगी, रविवारीही पिंजरे, सगळं आलं. काहींना हे जमत नाही, त्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आणि मुलाखतीत 'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' असं चुकून म्हणू नये. रॉबिन्सन आणि बेरिज यांनी १९९३ मध्येच मांडलं की हवंहवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत निराळ्या गोष्टी आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढेलच असं नाही.

प्रतिसाद: बडोदेकरीण

मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशक आहे. आमच्याकडे दारूबंदी, तरी रांग असतेच.

उंदीरमामांचं सगळं मान्य, पण मेंदूच्या चित्रांनी सगळं कळतं असं तिला वाटत असेल तर थोडं थांबवा. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर बहुतेक पुन्हा व्यसनात पडले नाहीत. ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात त्यांचा माग काढला होता. मेंदू तोच, गाव बदललं. फॉर्म भरण्याआधी भाचीला एखाद्या ओपीडीत परवानगी घेऊन बसू द्या, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या खुल्या सभेलाही जाऊ द्या. माणसं पाहिली की प्रश्न बदलतात.

ताईंसाठी: सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या केंद्राने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात असं निघालं. काम करणाऱ्यांची या देशात चणचण आहे, काम नाही असं होणार नाही. मात्र पीएचडीनंतर कायम नोकरीला वेळ लागतो, पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधनाची, वर्षं धरूनच चाला. ते लपवू नका.

रामबागवाला:

दोघांचे आभार. भाचीने उंदीरमामांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि पर्टबद्दल शोधत बसलीय. ताईला मी बडोदेकरणींचा वाचून दाखवला. आकड्यांवर काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, त्या सभेला बायकाही जातात का, मी गेले तर चालेल का? बडोदेकरीण, इंदुरात खुली सभा कुठे भरते हे कसं कळेल? आणि निम्हान्समध्ये शिकलेलं कोणी असेल तर हॉस्टेल मिळतं की बाहेर खोली बघावी लागते, तेही सांगा.