ॲटॉरव्हास्टॅटिनने मांड्या ठणकतात. को-क्यू-टेन वगैरे घेऊन फरक पडतो का?

फलटणची माई
वय ५७. गेल्या वर्षी स्टेंट पडला, तेव्हापासून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातली गोळी, ॲटॉरव्हास्टॅटिन ४०, रात्री जेवणानंतर घेते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ होतं ते ६२ वर आलं. काही तक्रार नव्हती. पण अलीकडे दोन्ही मांड्या ठणकतात. संडासात उकिडवं बसून उठताना भिंतीला हात लावावा लागतो, आणि माळ्यावरचा कुरडयांचा डबा काढायला हात वर केला की खांदे भरून येतात.

डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं. पुतण्याचा मित्र सप्लिमेंट विकतो, त्याने यादीच दिली: को-क्यू-टेन, ओमेगा-३, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डीची पावडर, शिवाय 'लिव्हर डिटॉक्स'. महिन्याचे साडेतीन हजार. त्याचं म्हणणं, गोळी दोन महिने बंद ठेवा, हे घ्या, स्नायू पूर्ववत होतील. आषाढात माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण तरी चालायचंय हो. कुणाला गुण आलाय का?

नाशिककर
मला रोसुव्हास्टॅटिन १० ने (तेही स्टॅटिनच) पोटऱ्या दुखायच्या. को-क्यू-टेन घेतलं आणि बरं वाटलं. आता खरं सांगायचं तर त्याच सुमारास डॉक्टरांनी १० ची ५ केली होती. कशाने गुण आला देव जाणे, खिसा मात्र हलका झाला.

कराडचा औषधवाला
माई, आधी सर्वांत महत्त्वाचं: स्टेंट आहे, तेव्हा पुतण्याच्या मित्राच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका. बंद करायची वेळ आलीच तर ती डॉक्टर सांगतील.

मी गेली कित्येक वर्षं मेडिकल चालवतो, को-क्यू-टेन माझ्याही फळीवर आहे. ॲटॉरव्हास्टॅटिनच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. या डब्यांवर तसं नाही, छापील किंमत कंपनीच्या मर्जीची. दुकानदार कशाची शिफारस उत्साहाने करणार, हे तुम्हीच ओळखा.

को-क्यू-टेनमागचा तर्क बिनबुडाचा नाही. यकृत ज्या वाटेने कोलेस्टेरॉल बनवतं, त्याच वाटेवर पुढे को-क्यू-टेनही बनतं, म्हणजे पेशींना ऊर्जा तयार करायला लागणारा शरीरातलाच एक घटक. स्टॅटिन ती वाट सुरुवातीलाच अडवतं, म्हणून रक्तातलं को-क्यू-टेन कमी होतं. पण वरून दिल्यावर दुखणं थांबतं का? चाचण्यांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, आणि अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशनने २०१८ च्या निवेदनात त्याची शिफारस केलेली नाही. व्हिटॅमिन डीचं तर अजून स्पष्ट आहे. स्टॅटिन नव्याने सुरू केलेल्या दोनेक हजार लोकांत निम्म्यांना रोज २००० युनिट दिली, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. स्नायू दुखण्याचं प्रमाण दोन्हीकडे ३१ टक्के! डी कमी असेल तर ते हाडांसाठी जरूर भरून काढा, पण स्टॅटिनचा उतारा म्हणून नाही. 'लिव्हर डिटॉक्स'बद्दल न बोललेलं बरं. त्यात काय काय कुटून घातलंय हे डबा वाचूनही नीट कळत नाही, आणि काही वनस्पती यकृतालाच बाधतात.

दुसरी बाजूही सांगतो. लंडनमध्ये, स्नायू दुखतात वगैरे कारणांनी स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटूनपालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं वर्षभर ठेवलं. त्रासाचे गुण (जितके जास्त, तितका त्रास जास्त) स्टॅटिनच्या महिन्यांत सरासरी १६.३, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि काहीच नसताना ८. म्हणजे बहुतेक त्रास गोळी घेतोय या धास्तीचा. दुखतं ते खोटं नव्हे, पण कारण भलतंच असू शकतं.

तुमचं मात्र मला धास्तीचं वाटत नाही. वर्षभर सुरळीत चाललेलं औषध अचानक बाधत असेल तर मध्ये काहीतरी बदललंय. थायरॉइड कधी तपासलाय? आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? बीपीच्या, खोकल्याच्या, कातडीच्या, सगळ्या सांगा. पट्टीवर मागे लिहिलेलं औषधाचं नाव हवं, कंपनीचं नको.

फलटणची माई
बीपीची टेल्मिसार्टन जुनीच आहे. हां, उन्हाळ्यात काखेत आणि जांघेत गजकर्ण झालं, मलमाने हटेना. कातडीच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्यात, अजून चालू आहेत. पट्टीवर इट्राकोनॅझोल २०० लिहिलंय. हृदयाची गोळी चालू आहे का हे त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. गजकर्णाचा हृदयाशी काय संबंध!

कराडचा औषधवाला
संबंध यकृताचा आहे. ॲटॉरव्हास्टॅटिन ज्या एन्झाइमने मोडतं, ते इट्राकोनॅझोल दाबून टाकतं. मग तुम्ही घेता ४०, पण अंगात साठते कितीतरी जास्त. दोन्ही एकत्र देणं भागच असेल तर ॲटॉरव्हास्टॅटिन २० च्या वर नेऊ नये असं औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच.

हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करा, उद्यावर ढकलू नका. "इट्राकोनॅझोल चालू आहे" हे शब्द कानावर घाला आणि सीपीके तपासणी करू का विचारा; स्नायूंना इजा झाली की ते रक्तात वाढतं. लघवी चहासारखी गडद झाली किंवा पाय उचलेनासे झाले, तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठा. स्नायू जास्त मोडले की त्याचा भार मूत्रपिंडावर येतो.

न्यूजर्सीतून अरुंधती
इकडे बरेच जण स्टॅटिन सोडून रेड यीस्ट राइसच्या (लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या) कॅप्सूल घेतात, नैसर्गिक म्हणून.

कराडचा औषधवाला
अरुंधतीताई, त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच. १९८७ मध्ये तुमच्या अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन. फरक इतकाच, की कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा भरवसा नाही.

फलटणची माई
फोन केला, लगेच बोलावलं. सीपीके ९४० आलं, लॅबची वरची मर्यादा १७० आहे. किडनी ठीक. दोन्ही डॉक्टर आपसात बोलले. कॅप्सूल बंद, गजकर्णाला दुसरं मलम. ॲटॉरव्हास्टॅटिन तूर्त थांबवलंय, सीपीके उतरलं की रोसुव्हास्टॅटिन ५ पासून सुरू करणार, लागलं तर जोडीला इझेटिमाइब, ही कोलेस्टेरॉलचीच वेगळ्या प्रकारची गोळी. व्हिटॅमिन डी ११ म्हणजे कमी निघालं, त्याची आठवड्याची पुडी दिलीय. कॅप्सूल तर बंद झाली, मग हृदयाची गोळी लगेच का नाही सुरू करायची?

कराडचा औषधवाला
इट्राकोनॅझोल बंद केल्यावरही बरेच दिवस अंगात रेंगाळतं, आणि स्नायूंनाही सावरायला वेळ लागतो. दुसरा सीपीके रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारून ठरवा. चालायचा सरावही तोवर बेताने. यंदा लोणंदपासून जमलं नाही तर वाटेवरच्या तरडगावहून सामील व्हा.