केबिन व्ह्यूचा कोन ९० ठेवा म्हणणाऱ्यांना उत्तर

रूळवेडा: काल इथे एकाने ठामपणे लिहिलं की ट्रेन सिम्युलेटरमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य मावतं तो कोन, सरळ ९० ठेवा, त्याखाली वेगच जाणवत नाही. डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंमी रुंद, तुम्ही बसता ६० सेंमीवर, म्हणजे स्क्रीन तुमच्या डोळ्यासमोर जेमतेम ४८ अंश व्यापते, आणि त्याच चौकटीत ९० अंशांचं जग कोंबलंत की समोरचा सिग्नल खऱ्याच्या निम्म्याहून लहान दिसणार, लांब वाटणार, ब्रेक उशिरा लागणार. मी सहा महिने प्रत्येक प्लॅटफॉर्म ओलांडून थांबत होतो आणि दोष ब्रेकच्या फिजिक्सला देत होतो.

खडखडाट: तो ९० वाला मीच. हिशेब असेल बरोबर, पण ४८ वर ना स्पीडोमीटर दिसत ना ब्रेकचं हँडल. खरा ड्रायव्हर मान वळवतो, मी काय माउस फिरवत बसू? आणि रूळाकडेचे खांब सपासप मागे जातात त्यावरूनच वेग कळतो, ते तुमच्या चौकटीत येतच नाहीत.

फोकसपंत: ५० एमएम लेन्स म्हणजे माणसाचा डोळा. तेवढा कोन लावा, विषय संपला.

रूळवेडा: नाही संपला. त्या लेन्सचा आडवा कोन ४० च्या आसपास, डोळ्याशी त्याचा संबंध नाही. चित्र केवढं आणि तुम्ही किती लांबून बघता त्यावर सगळं ठरतं.

फोकसपंत: वीस वर्षं कॅमेरा हातात आहे, मला शिकवू नका! टेलिफोटोत, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, डबे एकमेकांना चिकटलेले दिसतात ते लेन्समुळे नाही तर कशामुळे?

सांधेवाला: तुम्ही लांब उभे असता म्हणून. त्याच जागेवरून वाइड, म्हणजे रुंद कोनाच्या लेन्सने फोटो काढा, मधला तुकडा कापून मोठा करा, डबे तसेच चिकटलेले दिसतील. सिम्युलेटरमधला बाहेरचा कॅमेराही असाच, लांब नेऊन झूम केला की गाडी भारदस्त, जवळून वाइड लावला की इंजिनाचं नाक फुगतं आणि शेवटचा डबा काडेपेटीएवढा.

फोकसपंत: आत्ता करून बघितलं. तुकडा कणीदार आला, पण डबे तसेच आहेत, ठीक आहे. तरी बोलताना जरा सूर सांभाळा.

गार्डचा डबा: लेन्सचं पुरे. ओपन रेल्स या ट्रेन सिम्युलेटरमध्ये आकडा उभ्या कोनाचा असतो, डीफॉल्ट ४५, म्हणजे १६:९ स्क्रीनवर आडवा जवळपास ७३. उभा ९० केलात तर आडवा १२० च्या वर जातो. खडखडाट, तुमचा ९० कुठला?

खडखडाट: उभा निघाला. हे माहीत नव्हतं. ४५ करून एक फेरी मारली, प्लॅटफॉर्मवर बरोबर थांबलो, मान्य. पण आडवा ४८ मरेपर्यंत करणार नाही, स्पीडोमीटर दिसला नाही तर गाडी अंदाजाने हाकू का?

रूळवेडा: मग खुर्ची पुढे ओढा. ७३ खरा दिसायला डोळे ३६ सेंमीवर हवेत.

खडखडाट: ३६ सेंमीवर बसून दोन तासांची गाडी आधी तुम्ही चालवा, मग मला सांगा.