फाइलीची परवानगी यादी प्रोग्रॅमने लावताना लायब्ररी वापरावी की सेटएफएसीएल ही आज्ञा?

रावेरकर:
आमच्याकडे केळीच्या गाड्यांच्या काटापावत्या रात्री एका लिनक्स सर्व्हरवर जमा होतात आणि सकाळी हिशेबनीस त्या वाचतात. गेल्या हंगामात त्यांचे नाव फाइलीच्या परवानगी यादीत, म्हणजे एसीएलमध्ये, स्पष्ट दिसत असूनही त्यांना एकही पावती उघडता येईना. आमचा प्रोग्रॅम तात्पुरती फाइल ०६०० परवानगीने, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, तयार करत होता. विस्तारित, म्हणजे नावनिशी नोंदींची, यादी असलेल्या फाइलीवर गटाचे बिट म्हणजेच मास्क (त्या नोंदींची कमाल मर्यादा) असतो, आणि तो शून्य झाला की नावनिशी दिलेली परवानगी नुसती नोंदीपुरती उरते. यासाठी सेटएफएसीएल चालवणाऱ्या शेल स्क्रिप्टवर विसंबू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. प्रोग्रॅमने लिबएसीएल ही लायब्ररी वापरून उघड्या फाइलीवरच एसीएल_सेट_एफडी (यादी लावणारे फंक्शन) करावे आणि मगच फाइलीला कायमचे नाव द्यावे.

धुळेकर:
परवानगी आधी आणि नाव नंतर, हा क्रम मला मान्य आहे. पण तात्पुरत्या नावावर सेटएफएसीएल चालवूनही तो पाळता येतो. ती आज्ञा मास्क स्वतःहून नव्याने काढते, तर लायब्ररीत मास्क काढणारे एसीएल_कॅल्क_मास्क आपणच बोलवावे लागते आणि नेमके तेच विसरले जाते. शिवाय लायब्ररी संपूर्ण यादी बदलते. सातबाऱ्यावर एक वारस चढवायला जावे आणि बाकीची सगळी नावे पुसली जावीत, तसे एका जिनिंगच्या फोल्डरवर माझ्या हातून घडले आहे. मजकुरावरून यादी तयार करून मी ती थेट लावली आणि आधीच्या नोंदी गेल्या. फाइलींच्या नावांतील मोकळ्या जागांची भीती असेल, तर शेलला मध्ये न घेता आज्ञेला प्रत्येक नाव स्वतंत्रपणे द्यावे.

भुसावळकर:
फोल्डरवर डिफॉल्ट यादी, म्हणजे त्यातील नव्या फाइलींना आपोआप लागणारी यादी, ठेवली आणि फाइल ०६६० ने (मालक व गट दोघांना वाचता-लिहिता येईल अशी) उघडली, तर दोन्ही वाद बहुतांशी मिटतात, कारण डिफॉल्ट यादी असताना यूमास्क (नव्या फाइलीच्या परवानग्या कमी करणारी सेटिंग) विचारात घेतला जात नाही. मात्र त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरमधून हलवलेली फाइल आपली जुनीच यादी घेऊन येते, हे ध्यानात ठेवावे.

रावेरकर:
०६६० चा बदल मी आजच करतो. तरीही लायब्ररीचा आग्रह मी सोडत नाही. एफएटी या जुन्या फाइल पद्धतीच्या पेनड्राइव्हवर यादी लावताच येत नाही, आणि आपल्याला अधिकार नसल्यामुळे ती नाकारली जाणे ही वेगळी गोष्ट आहे. लायब्ररीत हा भेद त्रुटी क्रमांकाने कळतो, आज्ञेकडून मात्र भाषेनुसार बदलणारा संदेश वाचत बसावे लागते. जुनी यादी आधी वाचून, हवी ती नोंद बदलून, मास्क काढून आणि एसीएल_व्हॅलिडने तपासून मगच ती लावली, तर आपण सांगितलेला अपघात होणार नाही.

धुळेकर:
त्रुटी क्रमांकाचा मुद्दा मी मान्य करतो. वाचणे आणि लावणे या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या कोणी यादी बदलली तर ती हरवते, आणि हा धोका आज्ञेतही तितकाच आहे. परंतु पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या प्रमाणाच्या ज्या मसुद्यातून ही फंक्शने आली, तो १९९८ मध्ये मागे घेतला गेला. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या झेडएफएस फाइलव्यवस्थेवर यादी एनएफएसव्ही४ या वेगळ्या पद्धतीची असते आणि तिथे मास्कच नसतो. सर्व्हर बदलण्याची शक्यता असेल, तर यादी लावण्याचा भाग एका वेगळ्या फंक्शनात ठेवावा, आणि लावलेली यादी गेटएफएसीएल या यादी दाखवणाऱ्या आज्ञेने पाहण्यावर न थांबता हिशेबनिसांच्या खात्यातून फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी.