गॅसवर न डुगडुगणारा फ्राइंग पॅन: तुमचे अनुभव सांगा

परवा सकाळी साडेसातची वेळ, डब्याची घाई. मोठ्या बर्नरवर पोहे, लहान बर्नरवर २० सेंमीचा नवाकोरा पॅन, त्यात दोन चमचे तेल. अंडी घ्यायला वळले तेवढ्यात पॅनने दांडीकडे मान टाकली आणि सगळं तेल शेगडीच्या काचेवर. आच मंद होती म्हणून निभावलं. थंड झाल्यावर पुन्हा ठेवून बघितला, तर रिकामा असताना कलतो, आत दोन अंडी पडली की शहाण्यासारखा बसतो. दांडी भरीव स्टीलची, दिसायला देखणी. दुकानात हातात घेऊन "वा, चांगला वजनदार आहे" म्हणून घेतला होता. वजन होतं ते दांडीचं, बुडाचं नव्हे.

तर गॅसवर नीट बसणारा पॅन तुम्ही कसा निवडलात, कुठे फसलात, सविस्तर लिहा. बीड, ट्रायप्लाय (तीन थरांचं, मधे ॲल्युमिनियम आणि दोन्हीकडून स्टील), नॉनस्टिक, काहीही चालेल. "इंडक्शन घ्या" एवढं मात्र सांगू नका, आमच्याकडे दर गुरुवारी वीज जाते.

—

नवा पॅन घ्यायच्या आधी एक करून बघा. दांडी स्टँडच्या एखाद्या पायाच्या बरोबर वर येईल असा पॅन फिरवा. दोन पायांच्या मधल्या फटीवर दांडी आली की त्याला कलायला मोकळं रान. आमचं फोडणीचं कढलं असंच उलटायचं.

—

आमच्याकडे कुडाळला आजीचा बिडाचा तवा होता. दोन बाजूंना दोन कान, दांडी नाहीच. घरातल्या काट्यावर सव्वादोन किलो भरला. घावनं घालताना आजी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायची, अगदी जोर लावून, पण तवा तसूभर हलायचा नाही. मला वाटायचं, ही सगळी वजनाची करामत. पुढे तोच तवा मी ठाण्याला आणला आणि चार पायांच्या स्टँडवर ठेवला, तर टक-टक, टक-टक. जड तवा, तरी डुगडुगतोय!

मग डोक्यात प्रकाश पडला. आजीच्या चुलीला तीन दगड होते. तीन टेकूंवर ठेवलेली वस्तू डुगडुगू शकत नाही, टेकू वरखाली असले तरी वस्तू तिरकी बसेल पण हलणार नाही. चार पायांत एक पाय जरा वाकलेला असला की खेळ सुरू. आमच्या स्टँडचा एक पाय खरंच दबला होता. नवं स्टँड आणलं, तवा गप्प झाला. (तीन पायांच्या स्टँडवर भांडं बाजूला सरकलं तर उलटतं मात्र लवकर, म्हणून मधोमध ठेवायची सवय हवी.) आणि कान गरम होतात, फडकं लागतंच.

—

माझा मूर्खपणा. नॉनस्टिक पॅनमध्ये डोसे झाले की तापलेला पॅन तसाच नळाखाली धरायचो. चर्रर्र आवाज आला की साफ झाल्यासारखं वाटायचं. पातळ ॲल्युमिनियम असं एकदम आकसलं की बूड वाकतं. माझं खालच्या बाजूला फुगलं. ओट्यावर ठेवून दांडीला टिचकी मारली की भोवऱ्यासारखा गिरकी घ्यायचा. बायकोचा पॅन उलट, मधे वर आलेला. त्यात तेल सगळं कडेला पळतं आणि मधलं धिरडं करपतं.

आता दुकानात जाताना मुलाची स्टीलची पट्टी खिशात. पॅन उपडा करून बुडावर पट्टी उभी धरायची आणि खालून उजेड दिसतो का बघायचं. दुकानदार "साहेब, पॅन घ्यायचाय की भूमितीचा पेपर द्यायचाय" म्हणाला. म्हणू दे. तळाला जाड थर असलेला घेतला, अजून सपाट आहे. आता तो आधी पूर्ण निवू देतो, मगच धुतो.

—

लेबलवरच्या मापाला भुलू नका! २४ सेंमी म्हणजे वरच्या काठाचं माप. कडा तिरक्या असल्या की बूड त्याहून बरंच लहान. माझ्या २४च्या पॅनचं बूड मोजलं तर जेमतेम १७ भरलं. स्टँडचं माप दोरीने घेऊन दुकानात न्या.

—

लेस्टरहून लिहितेय. इथल्या भाड्याच्या घरात शेगडीवर बिडाच्या मोठ्या जाळ्या आहेत, दांडे लांब लांब. २८चा पॅन छान बसतो, पापलेट आरामात तळली जातात. फोडणीची पळी मात्र सरळ फटीत जाते. त्यासाठी छोटं गोल जाळीचं कडं मिळालं, ते मधे ठेवते.

—

कोणीच शेगडीबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. मी दोन पॅन बदलले आणि दोष निघाला भलताच. बाई शेगडी घासून ठेवताना मोठ्या बर्नरचं स्टँड लहानावर आणि लहानाचं मोठ्यावर लावायच्या. वर शेगडीखालचं एक रबरी बूच पडलेलं. आमचा ओटा मुळातच सिंककडे उताराचा. सुताराकडची लेव्हल (पाणसळ) लावून बघितली तेव्हा उलगडा झाला.

—

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचं वाचून काल रात्री शेगडी उचलून बघितली. चारही बुचं शाबूत, स्टँड आपापल्या जागी, पट्टीखाली उजेड नाही. म्हणजे गुन्हेगार दांडीच. आज सकाळी ती पायाच्या रेषेत ठेवली आणि तेलाआधी तासभर दम धरल्यासारखी पॅनकडे बघत बसले. कलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोठ्या बर्नरवर का नाही ठेवत?" तिथे पोहे असतात ना, आई.