अनुभव धागा: टाकी संपेपर्यंतच मिळालेली बिअर

शापोराकाठ

गोव्यातली बिअर म्हणजे किनाऱ्यावरचा शॅक आणि गारढोण बाटली, अशी पाहुण्यांची समजूत असते. इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे की चांगली बिअर आता समुद्रापासून बरीच आत, वाड्यांवर आणि औद्योगिक वसाहतींत तयार होते. सांगोल्ड्यात गोवा ब्रूइंग कंपनी आहे. हणजूणच्या हिप्पी दिवसांतल्या 'एट फिंगर एडी'चे नाव घेतलेली आयपीए (हॉप्सच्या फुलांमुळे कडवट आणि सुगंधी असलेली बिअर) त्यांचीच. त्यांचे कॅन दुकानात मिळतात, त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे.

हा धागा वेगळ्या बिअरसाठी आहे. घराजवळच्या छोट्या ब्रुअरीत एखादी बिअर एकदाच बनते, फळ्यावर खडूने तिचे नाव चढते आणि टाकी संपली की पुसले जाते. अशी कुठली बिअर तुम्हाला आठवते? कशाबरोबर घेतली? ब्रुअरकडून काय कळले?

माझ्यापासून सुरुवात करतो. आमच्या भागातल्या एका ब्रुअरीने पावसाळ्यात कोकम घालून गोजे काढली होती. हा जर्मनीतल्या गोस्लार गावाच्या नावाचा आंबट-खारट प्रकार; त्यात मीठ आणि धणे मुळातच असतात. कोकम, मीठ, धणे! आपल्या स्वयंपाकघरात हे तिघे रोज भेटतात, त्यामुळे पहिल्याच घोटाला ओळख पटली. रंग फिकट गुलाबी, फेस लगेच बसणारा. सोबत रवा लावून तळलेली सुंगटे (कोळंबी) होती आणि लिंबू पिळायची गरजच पडली नाही. शॅक बंद असतात, गिऱ्हाईक कमी असते, तेव्हाच ब्रुअरला असले प्रयोग करायला उसंत मिळते. म्हणून माझे मत असे की गोव्यातली बिअर चाखायची तर जुलैत चाखावी.

अंत्रुजकरीण

मी फोंड्याची. नवरा आणि जाऊबाई यांच्याबरोबर एका ब्रुअरीत गेले होते. तिथे तिरफळ घातलेली सेझों होती. सेझों ही बेल्जियमच्या शेतवाड्यांवरची, मजुरांसाठी बनवायची बिअर, हे तिथेच कळले. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालताना आपण बी काढून टाकतो, कारण ती कडू. मी ब्रुअरला तेच विचारले. तो खूश झाला. म्हणाला, त्याच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी हेच सांगितले आणि सगळी तिरफळे तिने बसून निवडून दिली. साल उकळीच्या अगदी शेवटी घालतात, नाहीतर वास वाफेबरोबर निघून जातो. आमटीतही आपण ती शेवटीच ठेचून टाकतो की!

जिभेला किंचित झिणझिण्या, मागून संत्र्याच्या सालीसारखा वास. जाऊबाईंना नाही आवडली. त्यांनी गव्हाची घेतली आणि त्यातच रमल्या. पुढच्या महिन्यात गेलो तर फळ्यावर दुसरेच नाव. मला अजून हळहळ वाटते.

गोठेवाला

मी पीत नाही, तरी लिहितो. आमच्या शेजारच्या ब्रुअरीतून अर्क काढून उरलेला जव माझ्या गोठ्यात येतो. ज्या दिवशी बिअर शिजते त्या दिवशी सकाळीच फोन येतो. माल ओला आणि गरम असतो. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून त्याच दिवशी न्यावा लागतो. सुक्या चाऱ्यात बेताने मिसळून देतो, गुरे आवडीने खातात. काळी बिअर केली असेल तर चोथ्यावरूनच कळते, भाजलेल्या कॉफीसारखा वास येतो. कॉफी त्यात नसते, तो जव करपेपर्यंत भाजल्याचा वास.

काजूमळा

आमची सत्तरीत काजूच्या दारूची भट्टी. टाकी संपली की संपली, हे आम्हाला नवे नाही. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या वाफेची हलकी दारू, तसाच असतो. काजू पिकला की फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत, मग वर्षभर नाव नाही. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक मात्र अजूनही ज्याच्या त्याच्या मळ्याचा असतो.

ब्रुअरीत गेलो ते कुतूहलाने. आमचा निरो, म्हणजे काजूच्या बोंडूचा (फळाचा) रस, हवेतल्या आणि बोंडूच्या सालीवरच्या यीस्टने आपोआप आंबतो. हे लोक यीस्ट निवडून घालतात आणि टाकीचे तापमान सांभाळतात. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. मी विचारले, केळी किती घातली? ब्रुअर म्हणाला, एकही नाही, तो सगळा यीस्टचा खेळ. आयुष्य आंबवण्यात गेलेल्या माझ्या वडिलांना हे ऐकून फार आनंद झाला. दोघे बराच वेळ वासांवरच बोलत बसले, एक कोकणीत, एक हिंदीत.

मुळामुठा

पुण्यात २००९ मध्ये दूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून ताजी बिअर पितो. पर्वरीला बदली झाली आणि इथे मासळीबरोबर घेतली. आता पुण्यात गेलो की बिअर असते, पण ताटलीत तिसऱ्या नसतात.

हॉप्सची_बरणी

मी एका छोट्या ब्रुअरीत टाक्या धुण्यापासून सगळे करतो. वरचे वाचून बरे वाटले, म्हणून आमच्या बाजूने थोडे.

चाखायला छोटे ग्लास मागा आणि फिकटपासून गडदकडे, सौम्यपासून कडूकडे जा. आयपीए आधी घेतली तर नंतरच्या गव्हाच्या बिअरची चवच लागत नाही. काळी स्टाउट बर्फगार मागू नका. दहा-बारा अंशांवर तिचा भाजका गोडवा खुलतो. ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो, तसा ग्लास बिनदिक्कत परत करा, आम्हाला राग येत नाही.

गव्हाची बिअर दोनेक आठवड्यांत तयार होते, लागरला (थंडीत सावकाश मुरणाऱ्या बिअरला) त्याहून कितीतरी आठवडे थंडीत पडून राहावे लागते. मोजक्याच टाक्या असलेल्या जागेत लागर करणे म्हणजे तेवढे दिवस एक टाकी अडकवणे, म्हणून फळ्यावर लागर दिसली तर ती आधी घ्या. आणि आयपीए घरी नेलीत तर ठेवून देऊ नका. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, त्याच आठवड्यात संपवा.

अंत्रुजकरीणबाई, तुम्ही गेलात ती ब्रुअरी आमची नव्हे, पण तिरफळ आमच्याही डोक्यात आहे. नवे पीक आले की करून बघतो. निवडायला मात्र कुणीतरी जाणते माणूस हवे.